प्रोजेक्टरमधलं काय ठेवायचं?

माळ्यावर वडिलांच्या काळातला सुपर ८ प्रोजेक्टर सापडला, सोबत बिस्किटांच्या डब्यात लग्नामुंजींची रिळं. यंत्र सुरू होतं, भिंतीवर चित्रही उमटतं. पण ते मोबाइलनं टिपायला गेलं की सगळं लुकलुकतं. असं का होतं, आणि यावर घरच्या घरी काही करता येईल का, असं एका वाचकांनी विचारलं आहे. करता येईल. मात्र त्यासाठी प्रोजेक्टरला त्याचं मूळ काम सोडावं लागेल.

आधी लुकलुक. सुपर ८ची फिल्म सेकंदाला १८ चौकटी या वेगानं धावते. एक चौकट जाऊन दुसरी येताना मधली घसरण दिसू नये म्हणून शटरचं पातं दिव्यासमोर येतं. पण सेकंदाला १८ वेळा होणारा अंधार डोळ्याला खुपतो. त्यावर जुना आणि झकास उपाय म्हणजे शटरला एकाऐवजी तीन पाती लावणं. जास्तीची दोन पाती उभ्या चित्रावरच अंधार पाडतात. फिल्मला त्यांची काडीचीही गरज नसते, पण सेकंदाला ५४ उघडझापी झाल्या की डोळा शांत होतो. मोबाइल बिचारा सेकंदाला ३० चित्रं घेतो. ५४ आणि ३० यांचा मेळ बसत नाही, म्हणून लुकलुक आणि पट्टे. टीव्हीच्या जमान्यात लोकांनी यावरही तोड काढली होती. ज्या देशांत टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळे, तिथे प्रोजेक्टर थोडा हळू, १६.६७ चौकटींवर चालवायचा. तिप्पट केले की बरोबर ५०. अमेरिकेत हिशेब ६०चा, म्हणून तिथे पाच पात्यांची शटरं निघाली. गणित सुरेख, पण चित्र शेवटी भिंतीवरून घेतलेलं.

खरं पाहिलं तर प्रोजेक्टरच्या पेटीत दोन यंत्रं असतात. एक फिल्मसाठी, एक आपल्या डोळ्यांसाठी. दिवा, भिंग, पाती आणि १८चा वेग ही सगळी माणसाच्या डोळ्याची सोय. फिल्मसाठी असते ती फक्त एक नखी आणि फिल्म सपाट धरणारं गेट. नखी फिल्मच्या कडेच्या भोकात शिरते, फिल्म एक चौकट खाली ओढते, बाहेर येते, रिकामीच वर जाते आणि पुन्हा शिरते. डिजिटायझेशनसाठी एवढंच ठेवायचं, बाकीचं काढायचं.

या नखीची कुळकथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९४च्या सुमारास एडिसनचा किनेटोस्कोप पॅरिसमध्ये आला होता. त्यात फिल्म न थांबता सरकत राही, त्यामुळे अगदी बारीक फटीतून, क्षणभरच उजेड मिळे आणि एका वेळी एकालाच, डोळा लावून बघावं लागे. मोठ्या पडद्यावर चित्र टाकायचं तर प्रत्येक चौकट थांबलीच पाहिजे. लुई ल्युमिएरला याचं उत्तर सुचलं ते झोप न लागलेल्या एका रात्री, शिलाई मशीनवरून. मशीनचे खालचे दाते वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली बुडतात आणि मागे जातात; कापड सरकतं, थांबतं, सरकतं. फिल्मचं तेच करायचं. फेब्रुवारी १८९५मध्ये पेटंट झालं, २८ डिसेंबरला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ला तेच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचलं.

नाव झालं ते ल्युमिएर भावांचं. पण कल्पना सुचणं वेगळं आणि ती लोखंडात उतरवणं वेगळं. ल्युमिएरांच्या ल्यों इथल्या कारखान्यातला मुख्य मिस्त्री शार्ल म्वासाँ यानं पहिला नमुना घडवला आणि ग्रँड कॅफेतल्या त्या खेळाला हँडलही त्यानंच फिरवलं. सिनेमाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं. या विषयात तरी त्याला वरचं पान द्यायला हवं, कारण आपण माळ्यावरून काढलेल्या पेटीत टिकवण्याजोगं जे आहे, ते त्याच्या जातीच्या माणसाचं काम आहे. आणखी गंमत अशी की ते मूळ यंत्र कॅमेरा, प्रिंटर आणि प्रोजेक्टर असं तिन्ही होतं. तेव्हा प्रोजेक्टरचा कॅमेरा करण्यात कोणतंही पाप नाही.

आता पेचकस घ्या. प्लग आधी काढा. पहिला जाईल तो दिवा. १०० वॅटच्या हॅलोजनपुढे फिल्म धावत असते म्हणूनच वाचते. एका चौकटीवर थांबली तर ती वितळते. त्या जागी पांढरा एलईडी आणि पुढे दुधी अॅक्रिलिकचा तुकडा. स्वस्त एलईडीत लाल रंग दुबळा असतो, कोडाक्रोम फिल्मवरचं कुंकू त्यात मरतं. म्हणून रंग-अचूकतेचा आकडा ९५च्या वरचा बघून घ्यावा. साध्या डिमरनं उजेड कमी करू नये, ते भराभर चालू-बंद करत असतात आणि मग लुकलुक मागच्या दारानं आत येते.

नंतर शटरची पाती आणि प्रोजेक्टरचं भिंग. मूळ मोटरच्या जागी कमी फेऱ्यांची गिअर मोटर. शटरचा दांडा एका चौकटीला एक फेरी घेतो, ही इथे पर्वणीच: दांड्यावर छोटं लोहचुंबक चिकटवायचं, शेजारी रीड स्विच बसवायचा, की दर चौकटीला, फिल्म उभी असताना, कॅमेऱ्याला आपोआप इशारा मिळतो. कॅमेरा मॅक्रो लेन्ससह थेट गेटमध्ये डोकावणारा. २०२०मध्ये आलेला रास्पबेरी पायचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा हौशी मंडळींचा लाडका आहे. प्रकाशमापन आणि रंगसंतुलन हातानं ठरवून कुलूपबंद करायचं. गेटची खिडकी कानशीनं किंचित रुंद केली तर भोकही फोटोत येतं आणि पुढे सॉफ्टवेअर त्या भोकावर नेम धरून चित्राची थरथर घालवतं. मात्र घासल्यावर कड अगदी गुळगुळीत हवी; फिल्मवर उभा ओरखडा पडला की पडला.

सुपर ८च्या ५० फुटांच्या काडतुसात ३६०० चौकटी असतात. सेकंदाला एक टिपली तर ३ मिनिटं २० सेकंदांच्या फिल्मला बरोबर एक तास लागतो. घाई नको. शेवटी सगळ्या चौकटी १८च्या वेगानं जोडायच्या; २५नं जोडल्या तर मुंजीतले भटजी तुरुतुरु पळतात.

हे झालं की कुणीतरी सुचवेलच: आता एआयनं ‘फोरके’ करून टाका. सुपर ८ची चौकट जेमतेम ५.८ बाय ४ मिलिमीटरची. आडवे दोनेक हजार पिक्सेल घेतले की चित्रातलं बहुतेक सगळं हाती येतं. त्यापुढे मिळतात ते फिल्मचे कण. एआय जे तपशील भरतं ते फिल्ममध्ये नसतातच, इतर हजारो चेहऱ्यांवरून केलेला तो अंदाज असतो. आजीच्या चेहऱ्यावर कुणा परक्या बाईची पापणी बसवायची असेल तर खुशाल करा, पण मूळ फाइल बाजूला ठेवा.

आणि कोणतं रीळ आधी घ्यायचं, हे नाकानं ठरवा. अॅसिटेटची फिल्म उष्ण दमट हवेत कुजू लागली की त्यातून व्हिनेगरचा वास येतो. १९४८ला ट्रायअॅसिटेट फिल्म बाजारात आली आणि दशकभरातच कोडाककडे या कुजण्याची पहिली तक्रार गेली, तीही भारत सरकारकडून. हा विकार ओलाव्यानं आणि उकाड्यानं वाढतो, आणि स्वतः सोडलेल्या आम्लानंही. म्हणून वासाची रिळं लगेच वेगळी करा, डबा हवाबंद न ठेवता उघडा ठेवा आणि पहिला नंबर त्यांचा लावा. त्यांतलं एखादं आक्रसलेलं असेल तर भोकांमधलं अंतर कमी झालेलं असतं. नखी भोक चुकते आणि फिल्म फाडते. दोन-चार फूट हातानं दांडा फिरवून पाहा. टरकल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा आणि ते रीळ दातेविरहित रोलरवर चालणाऱ्या व्यावसायिक स्कॅनरकडे पाठवा.