मूठभर दाणे, जुडीभर पाला

(अन्नाने पोट तर भरतेच; पण रोगांना दूर ठेवण्याची शक्तीही अन्नातूनच मिळते. ही शक्ती महागड्या डब्यांतच असते असे नाही. आपल्या घरातील धान्ये, कडधान्ये, तेलबिया आणि पालेभाज्या यांत ती भरपूर असते. ती कशी मिळवावी, हे या पाठात सांगितले आहे.)

हरभऱ्याचा एक दाणा घ्या. तो रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी त्याचे साल काढा आणि दाण्याचे दोन भाग अलगद वेगळे करा. टोकाशी एक इवलासा कोंब दिसेल. तो कोंब म्हणजे उद्याचे रोप. मग ते दोन जाड भाग कशासाठी असतात? ती त्या रोपाची शिदोरी असते. उर्दूत शिदोरीला 'तोशा' म्हणतात. रोपाला मुळे आणि पाने फुटेपर्यंत बाहेरून अन्न मिळत नाही. तोपर्यंत ते या शिदोरीवर जगते.

हीच शिदोरी आपण खातो. म्हणूनच बियांमध्ये प्रथिने, स्निग्ध पदार्थ, खनिजे आणि जीवनसत्त्वे साठवलेली असतात. गहू, ज्वारी, बाजरी, मूग, मसूर, तीळ, जवस, शेंगदाणे या सगळ्या बियाच आहेत. दाणा लहान असला, तरी त्याचे काम मोठे आहे.

दाण्याचा प्रत्येक भाग उपयोगी असतो. पण माणसाला पांढरेशुभ्र अन्न आवडू लागले आणि त्याने दाण्यावरचा कोंडा काढून टाकला. त्याचा परिणाम काय होतो, हे एका सत्य घटनेवरून कळते.

सुमारे १८९० सालची गोष्ट आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर बेरीबेरी नावाचा रोग पसरला होता. या रोगात पाय लुळे पडत, हृदय दुबळे होई आणि पुष्कळ रोगी दगावत. ख्रिस्तियान आइकमान नावाचे एक डच डॉक्टर या रोगाचे कारण शोधत होते. एके दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच रोग झाला. कोंबड्यांना नीट उभे राहता येईना. काही महिन्यांनी मात्र त्या आपोआप बऱ्या झाल्या. डॉक्टरांना नवल वाटले. त्यांनी चौकशी केली. तेव्हा कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. त्याने तो भात देणे बंद केले. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या!

आइकमान यांना आधी वाटले, की पांढऱ्या तांदळात काही विष असावे. पण त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी १९०१ साली वेगळा विचार मांडला. पांढऱ्या तांदळात विष नाही. कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक पदार्थ निघून गेला आहे, असे त्यांनी सांगितले. तो पदार्थ म्हणजे आज आपण ज्याला 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो तो. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कोकणात उकडा तांदूळ खाण्याची पद्धत आहे. यात भात, म्हणजे सालीसकट तांदूळ, आधी वाफवतात, मग वाळवतात आणि नंतर कांडतात. वाफवताना सालीजवळची जीवनसत्त्वे दाण्याच्या आत मुरतात. त्यामुळे नंतर कोंडा काढला, तरी ती सगळी वाया जात नाहीत. ज्यांनी ही पद्धत शोधली, त्यांना जीवनसत्त्व हा शब्दही माहीत नव्हता. अनुभवाने मात्र त्यांना योग्य वाट दाखवली.

बेरीबेरीचा अभ्यास भारतातही झाला. १९१८ साली तमिळनाडूतील कुन्नूर येथे एका लहानशा प्रयोगशाळेत हे काम सुरू झाले. तीच प्रयोगशाळा वाढत वाढत आज हैदराबादची 'राष्ट्रीय पोषण संस्था' झाली आहे. कोणत्या अन्नात काय असते, हे या संस्थेने मोजून पाहिले. २०१७ साली तिने ५२८ भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली.

या कोष्टकांत नाचणी पाहिली, तर आश्चर्य वाटते. नाचणी म्हणजे रागी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. कॅल्शियममुळे हाडे आणि दात मजबूत होतात. वाढत्या वयात त्याची गरज फार असते. तरीही कित्येक वर्षे नाचणीची भाकरी ही गरिबांची भाकरी मानली गेली. पाहुणा आला, की ती लपवायची आणि भात वाढायचा, असे चाले. भारताने सुचवल्यावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळले. त्यानंतर शहरांतील मोठ्या दुकानांतही नाचणी, ज्वारी आणि बाजरी मानाने दिसू लागली. धान्य तेच होते. आपली नजर बदलली.

आता एका गंभीर प्रश्नाकडे वळू. जिना चढताना तुम्हांला धाप लागते का? वर्गात सारखी झोप येते का? वाचताना लक्ष लागत नाही का? असे पुष्कळ दिवस होत असेल, तर तो आळस नसेल. कदाचित रक्त कमी पडत असेल. या आजाराला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. उर्दूत त्याला 'ख़ून की कमी' म्हणतात. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. तो फुप्फुसांतील ऑक्सिजन शरीरभर पोचवतो. हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले, तर हे काम मंदावते आणि माणूस थकतो.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. या वयात शरीर वेगाने वाढते आणि मुलींना मासिक पाळीही येत असते. म्हणून त्यांना लोह अधिक लागते. पण अनेक घरांत उलटेच घडते. भाजी, डाळ आधी इतरांना वाढली जाते आणि मुलीच्या व आईच्या वाट्याला उरलेसुरले येते. ही सवय आपण बदलली पाहिजे.

मटकी, मसूर, हरभरा, बाजरी, तीळ, अळीव आणि हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. अळीव म्हणजे हालिम. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. पण वनस्पतींमधील लोहाची एक अडचण आहे. ते शरीरात सहज शोषले जात नाही. पोटात गेलेल्या लोहाचा थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो.

यावर उपाय सोपा आहे. जेवताना भाजीवर, डाळीवर लिंबू पिळा. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. लिंबू नसेल, तर आवळा किंवा पेरू खा. पेरूत संत्र्याच्या सुमारे चौपट 'क' जीवनसत्त्व असते. उलट, जेवणाबरोबर चहा घेतला, तर चहातील टॅनिन हा पदार्थ लोहाला अडवतो. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. लिंबू जवळ आणि चहा दूर, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ लाभ होईल.

मोड आणणे हाही एक चांगला उपाय आहे. मूग किंवा मटकी रात्रभर भिजवा. पाणी काढून टाका आणि ओल्या कापडात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड येतात. कोरड्या दाण्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. शिवाय लोहाला अडवणारे दाण्यातील काही पदार्थ कमी होतात. आपल्याकडील मोडाची उसळ म्हणूनच गुणकारी आहे. तिच्यावरही लिंबू पिळायला विसरू नका.

धान्य आणि डाळ यांची जोडीही अशीच आहे. आपले स्नायू प्रथिनांनी बनतात. धान्याच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी असतो, तो धान्यात मिळतो. दोन्ही एकत्र खाल्ली, की एकमेकांची उणीव भरून निघते. म्हणून वरणभात, मूगडाळीची खिचडी, उसळ-भाकरी हे पदार्थ साधे असले, तरी सकस आहेत. गहू आणि तीन-चार डाळी घालून केलेल्या खिचड्यातही हीच जोडी असते.

पालेभाज्यांमध्ये शेवग्याचा पाला विशेष आहे. शेवग्याला हिंदी-उर्दूत 'सहजन' म्हणतात. त्याच्या शेंगा आपण आवडीने खातो, पण पाला बहुतेक वेळा वाया जातो. या पाल्यात कॅल्शियम असते आणि शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारा कॅरोटीन हा पदार्थही असतो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले, तर संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात दिसेनासे होते. त्याला रातांधळेपणा म्हणतात. कॅरोटीन तेलात विरघळते. म्हणून पालेभाजीला थोड्या तेलाची फोडणी द्यावी किंवा तिच्यात शेंगदाण्याचे कूट घालावे. भाजी चिरण्याआधी धुवावी. चिरून मग धुतली, तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही वाहून जातात.

जवस, म्हणजे अलसी, हृदयासाठी चांगले मानले जाते. त्यात ओमेगा-३ प्रकारचा स्निग्ध पदार्थ असतो. मात्र अख्खे जवस बहुधा न पचताच बाहेर पडते. ते भाजून, कुटून खावे. विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी खातात. तीच पद्धत योग्य आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. वनस्पतीपासून मिळालेले सारेच निर्धोक असते, असे नाही. लाखेची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. बुरशी लागलेल्या दाण्यांत यकृताला घातक असे विष तयार होते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातमधील काही खेड्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून शेंगदाणे काळपट, कडू किंवा बुरशी लागलेले असतील, तर ते फेकून द्या. धान्य कोरड्या जागी ठेवा.

तसेच, अन्न हे औषधाची जागा घेत नाही. मेथीदाण्यांतील तंतुमय पदार्थांमुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश मिसळते, हे खरे. पण म्हणून मधुमेहाच्या रोग्याने आपली औषधे सोडू नयेत. रक्तक्षय झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कधी तो पोटातील जंतांमुळेही होतो. शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोहाची निळी गोळी टाकून देऊ नये, ती घ्यावी. अमुक एक बी खाल्ली, की सारे रोग पळतात, असे कोणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कोणताही एक दाणा सगळे काम करू शकत नाही.

आज जेवायला बसाल, तेव्हा आपल्या ताटाकडे नीट पाहा. त्यात एखादे धान्य आहे का? डाळ किंवा उसळ आहे का? हिरवा पाला आहे का? लिंबाची एक फोड आहे का? यातले जे नसेल, ते उद्या आणा. आणि ताट वाढताना घरातल्या प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो ना, तेही पाहा.

शब्दार्थ
शिदोरी – प्रवासात बरोबर नेण्याचे अन्न, तोशा
कोंब – बीतून फुटणारा अंकुर
कोंडा – धान्यावरचे बारीक साल
लुळे पडणे – शक्ती जाणे, हलवता न येणे
दगावणे – मरण पावणे
सकस – पोषक
निर्धोक – ज्यात धोका नाही असे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दाण्यातील दोन जाड भागांचा रोपाला काय उपयोग होतो?
(आ) जेवणाबरोबर चहा का घेऊ नये?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जावा बेटावरील कोंबड्या आजारी का पडल्या आणि बऱ्या कशा झाल्या?
(आ) धान्य आणि डाळ एकत्र का खावी?
३. कारणे सांगा.
(अ) पालेभाजी आधी धुऊन मग चिरावी.
(आ) बुरशी लागलेले दाणे फेकून द्यावेत.
४. वाक्यात उपयोग करा : धाप लागणे, वाया जाणे, उणीव भरून निघणे.
५. उपक्रम : घरातील दहा धान्ये व बिया जमवा. त्यांची मराठी आणि उर्दू नावे घरातील मोठ्या माणसांना विचारून वहीत लिहा.