कटाची पळी

बाकावरचे गृहस्थ मांडीवरची प्लास्टिकची फाइल सावरत भिंतीकडे सरकतात आणि आम्हा दोघांना टेकायला जागा होते. बाहेर आषाढाचा पाऊस. दाराशी उभ्या केलेल्या छत्र्यांचं पाणी लादीवरून आत येतंय आणि एक मुलगा त्यावर फडकं फिरवतोय. ठाण्याच्या मामलेदार कचेरीच्या आवारातलं हे मिसळीचं उपाहारगृह. कचेरी नुकतीच उघडली आहे, त्यामुळे आतली निम्मी गर्दी कागद घेऊन आलेली. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय, कुणाला जातीचा, कुणाच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय. समोरच्या बाई पिशवीतले झेरॉक्स पुन्हा एकदा मोजून घेतात आणि मगच ताटलीला हात लावतात.

"काय देऊ?"

"दोन मिसळ."

"तिखट की मध्यम?"

"तिखट," भाचा म्हणतो. मी मध्यम सांगते.

भाचा डोंबिवलीचा. मामलेदारची मिसळ त्याने शाखांमध्ये खाल्ली आहे, मूळ जागी आज पहिल्यांदाच येतोय. नुकताच तो व्हिएतनाममधल्या हनोईला जाऊन आला. डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत ठाणं येईपर्यंत त्याच्या तोंडी फोशिवाय दुसरा विषय नव्हता. फो म्हणजे हाडांचा तासन्‌तास उकळलेला नितळ रस्सा, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे पातळ काप आणि कांद्याची पात. "मावशी, एका वाडग्यावर अख्खं दुकान चालतं गं तिथे," असं तो म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं की याला आधी इथे आणायचं.

1946 मध्ये नरसिंह मुर्डेश्वर यांनी कचेरीच्या आवारात हे कँटीन सुरू केलं. कारकून, वकील, तलाठी, खेड्यांतून कामाला आलेली माणसं हे गिऱ्हाईक. पुढे लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी उभी हयात ते सांभाळलं. 2022 मध्ये ते गेले तेव्हा ठाण्यात घरचं माणूस गेल्यासारखी हळहळ झाली. कचेरीवरचा फलक कधीच तहसीलदारांचा झाला, पण लोकांच्या तोंडी मामलेदार राहिला तो या मिसळीमुळे.

ताटल्या येतात. फरसाण अजून पुरतं भिजलेलं नाही. कडेचे कण कोरडे आहेत, मधले फुगून मऊ पडलेत. भाच्याच्या ताटलीत तर्री काठापर्यंत पसरली आहे. दिव्याचा उजेड तिच्यावर पडला की तेलाची गोल वर्तुळं एकमेकांना चिकटतात, सुटतात. माझ्या ताटलीत तीच वर्तुळं विरळ आहेत. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तो पातेल्यात वर तरंगतो आणि तर्री जितकी जास्त तितका झटका मोठा. पळी वरवर फिरली की तिखट, तळाशी गेली की सौम्य. घरी मिसळ करताना मीही एकाच पातेल्यातून दोघांना दोन तऱ्हेची वाढते.

भाच्याचा पहिला घास जातो आणि कानशिलं लाल होतात. हात पाण्याच्या पेल्याकडे वळतो.

"पाणी नको, ताक घे," शेजारचे फाइलवाले न विचारता सांगतात. त्यांचं खरं आहे. पाणी तो जाळ तोंडभर फिरवतं, ताकातली प्रथिनं त्याला धरून खाली नेतात.

ताक पोटात गेल्यावर भाच्याला बोलायला सुचतं. "हनोईतही रस्सा कसा हवा ते ऑर्डर देतानाच सांगावं लागतं," तो म्हणतो. तिथला रस्सा मुद्दाम नितळ राखतात, फेस काढत राहतात; पण ज्याला आवड असेल त्याला वरच्या चरबीचा रस्सा वेगळा मिळतो. त्याला 'नुओक बेओ' म्हणतात. मांस कच्चट हवं की शिजलेलं, तेही आधीच सांगायचं. बात दान रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात सकाळी रांग लागते, पैसे मोजायचे आणि आपला वाडगा आपणच उचलून जागा शोधायची. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून खायचं. भाच्याने दुसऱ्या एका दुकानात कोंबडीचा फो खाल्ला. मूळ पदार्थ गोमांसाचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाम दिन्ह आणि हनोईकडे, फ्रेंच अमलात रुजलेला. फेरीवाले कावडीच्या एका टोकाला विस्तव आणि पातेलं, दुसऱ्या टोकाला वाडगे घेऊन गल्लोगल्ली फिरत. 1939 च्या सुमारास आठवड्यातले काही दिवस गोमांस मिळेनासं झालं आणि कोंबडीचा फो पुढे आला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फोही सायगावला गेला. तिथे त्याच्या ताटलीत तुळशीच्या जातीची पानं, मोडाची कडधान्यं, लिंबू असं काय काय आलं. हनोईच्या जुन्या खवय्यांना ही भर अजून पटत नाही.

ती कुरकुर मला जवळची वाटते. अलीकडे मिसळीवर चीज किसतात, तिच्या भोवती सतरा वाट्या मांडतात, आणि कोण किती तिखट खातो याची चित्रफीत काढतात. तिखट हा या पदार्थाचा उंबरठा आहे, तिथेच शर्यत लावून परत फिरणाऱ्याला आतलं काही कळत नाही. कटाची चव जीभ जाळाला सरावल्यावर सुरू होते: भाजलेलं सुकं खोबरं, तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, आलं-लसूण, गरम मसाला, आणि उसळीचं स्वतःचं पाणी. घरोघरी आणि दुकानोदुकानी प्रमाण वेगळं, पण कट पातळ असूनही पोकळ लागता कामा नये, ही परीक्षा सगळीकडे एक. फरसाण कुणीही विकत आणेल. दुकान टिकतं ते पातेल्यावर.

"कट!" मागच्या टेबलावरून हाक येते. वाढपी पातेली घेऊन निघतो. तो कुणाला विचारत नाही, ताटलीकडे नजर टाकतो. समोरच्या बाईंचा पाव अर्धा उरलाय आणि ताटली कोरडी पडत आलीय. पळीभर कट तिथे पडतो. बाई मान हलवतात, पाव मोडतात. फाइलवाल्यांनी ताटलीवर हात आडवा धरलाय, त्यांना पुरे. भाच्याच्या ताटलीशी तो क्षणभर थांबतो, त्याच्या कपाळावरचा घाम पाहतो आणि पळी पातेल्यात तळापर्यंत घालून मगच वाढतो.

भाच्याच्या ते लक्षात आलंय. दुसऱ्या कटाचा घास तो सावकाश खातो, कांदा तोंडात टाकतो, पुन्हा एक घास. "आता खोबरं लागतंय," तो म्हणतो. मला हेच ऐकायचं होतं.

दाराशी उभी असलेली माणसं आता आमच्या पावाकडे पाहू लागली आहेत. अशा जागी खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसणं बरं नव्हे. आम्ही उठतो. समोरच्या बाई आमच्याही आधी उठल्या आहेत, साडीचा काठ वर धरून, झेरॉक्सची पिशवी पोटाशी घेऊन पावसात कचेरीच्या दाराकडे निघाल्या आहेत. त्यांचा दाखला आजच मिळो.

आम्हाला जांभळी नाक्यावर जायचंय. रविवारी आजीच्या घरी फो करायचा हट्ट भाच्याने धरलाय, त्याचा मसाला घ्यायला. मसाल्याच्या दुकानात तो मोबाइलवरची यादी वाचतो: चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धने, बडीशेप, खडीसाखर. दुकानदार मान वर न करता एकेक पुडी बांधतो. यात त्याला नवं काहीच नाही, थोड्याफार फरकाने गोड्या मसाल्याचीच यादी आहे. दालचिनीची जाड, तपकिरी, गुंडाळी झालेली साल तो तराजूत टाकतो.

"ही कुठली, काका?" भाचा विचारतो.

"व्हिएतनामची. जाड असते ती बहुतेक तिकडचीच. पातळ हवी असेल तर श्रीलंकेची दाखवतो, महाग पडेल."

भाचा साल हातात घेऊन वास घेत उभा राहतो. चक्रीफुलाचंही तसंच आहे. व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरच्या लांग सोन प्रांतात त्याच्या बागा आहेत आणि तिथला माल वर्षानुवर्षं भारतात येतो. आपल्या मसाल्याच्या डब्यात तो देश केव्हापासून आहे, विमानाची तिकिटं आपण आत्ता काढू लागलो.

खरा प्रश्न माझ्या आईचा आहे. ती शाकाहारी. नातवाने केलेलं ती खाणार हे नक्की, पण हाडांचं पाणी तिच्या घरात उकळायचं नाही. मी तसं म्हणते, तर भाच्याने हेही शोधून ठेवलंय. तिथले बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला बिनमांसाचा फो खातात. युद्धाच्या आणि रेशनच्या काळात तर हनोईच्या सरकारी दुकानांत मांसाशिवायचाच फो मिळे. आकाशात अमेरिकेची बिनवैमानिकांची विमानं टेहळणी करत फिरायची, म्हणून लोक त्याला बिनवैमानिकाचा फो म्हणायचे. रस्स्यासाठी मुळा, गाजर, सुकी अळंबी आणि विस्तवावर काळं होईतो भाजलेलं आलं नि कांदा. माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस.

"आणि शेवया?" मी विचारते. "आजीकडे शिरवाळ्यांचा साचा आहे."

"नाही गं, साच्यातून पाडल्या की तो बून होतो, वेगळा पदार्थ. फोच्या शेवया पाडत नाहीत. तांदळाचं पातळ पीठ पसरून वाफवतात, ती पापडी सोलून काढतात आणि मग सुरीने पट्ट्या कापतात."

म्हणजे फेण्या. वाफवून काढलेली ओली फेणी, फक्त उन्हात न घालता कापलेली. लहानपणी उन्हाळ्याच्या वाळवणात आम्ही त्या ओल्याच पळवून खायचो, आई रागवायची. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिला फोन लावते, पावसाच्या आवाजात ओरडून सगळं सांगते.

"फेण्यांचा स्टँड माळ्यावर आहे," आई म्हणते. "पण रविवारी कसं जमेल? तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत."

भाचा माझ्या हातातून फोन घेतो. "आजी, आंबवायचे नाहीत. रात्रभर भिजवले की पुरे."

पलीकडे आई काही क्षण विचार करते. "मग जुना तांदूळ घे," ती सांगते, "नव्याच्या फेण्या चिकटतात. आणि ताटल्यांना लावायला तेल मी काढून ठेवते. लवकर ये, वाफवायला दोघं लागतात."

भाचा पुड्या पिशवीत भरतो आणि दुकानदाराला जुन्या कोलमचा भाव विचारतो.