चित्रकथा, मराठी

क्रमाने मांडलेल्या चित्रचौकटी व त्यांत गुंफलेले संवाद यांच्या साहाय्याने सांगितलेली कथा. ‘कॉमिक्स’ हा इंग्रजी शब्दही मराठीत रूढ आहे. सचित्र गोष्टीत मजकूर मुख्य व चित्र पूरक असते. चित्रकथेत मात्र चित्रच कथा पुढे नेते. दोन चौकटींच्या मधल्या काळात काय घडले, हे वाचकाने कल्पनेने जाणावयाचे असते. त्यामुळे चित्रकथेचे वाचन वाटते तितके निष्क्रिय नसते.

पूर्वपीठिका : चित्र दाखवून कथा सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुद्रित चित्रकथेचा उगम मात्र पाश्चात्त्य आहे. जिनीव्हाच्या रोडॉल्फ टॉप्फर याच्या एकोणिसाव्या शतकातील चित्रमालिका, त्यानंतर अमेरिकी वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्या व १९३० नंतरच्या चित्रपुस्तिका असा तिचा विकास झाला.

मराठीतील प्रसार : टाइम्स ऑफ इंडिया वृत्तसमूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. ली फॉकच्या ‘फँटम’ ह्या नायकाला तीत ‘वेताळ’ हे देशी नाव मिळाले. मँड्रेक हा जादूगारही तीतूनच घरोघरी पोहोचला. आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायक १९७६ मध्ये तीत अवतरला. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. १९६७ मध्ये अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली इंडिया बुक हाउसने ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पुराणे, इतिहास व लोककथा यांवरील तिच्या पुस्तिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम इ. चित्रकारांनी तिचे दृश्यरूप घडविले. ‘चांदोबा’ (मराठी आवृत्ती १९५२ पासून) व ‘किशोर’ (१९७१ पासून) ही मासिके सचित्र कथांची असली, तरी त्याच वाचकवर्गाची अभिरुची त्यांनी घडविली.

मराठीकरणात एक तांत्रिक अडचण असे. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या संवादफुग्यात देवनागरी मजकूर बसवावयाचा असे. शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली येणाऱ्या मात्रांमुळे प्रत्येक ओळीला अधिक उंची लागते. त्यामुळे वाक्ये आखूड करणे किंवा अक्षर बारीक काढणे, हे दोनच पर्याय उरत.

घरगुती वाचन : चित्रकथा एकट्याने वाचता येते, तशीच ती चारचौघांत दाखविता येते. दिवसभराची कामे आटोपल्यावर एकाने संवाद वाचावेत व इतरांनी चित्रे पाहावीत, अशा वाचनात अक्षरओळख नसलेली वडीलधारी माणसेही सहभागी होऊ शकतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची ठरते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इ. समाजांतील मुलांची घरची बोली व शाळेतील प्रमाण मराठी यांत मोठे अंतर असते. अपरिचित शब्दाचा अर्थ शेजारच्या चित्रावरून उमगत असल्याने हे अंतर कमी होण्यास चित्रकथेचे साहाय्य होऊ शकते. तेच चित्र दाखवून कथा घरच्या बोलीत सांगणेही सुलभ जाते.

आक्षेप : चित्रकथेमुळे वाचनाची सवय बिघडते, हा आक्षेप जुना आहे. अमेरिकेत मानसोपचारतज्ञ फ्रेडरिक वर्थम याच्या टीकेनंतर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक गंभीर आक्षेप आशयाविषयी आहे. वेताळाच्या कथांत जंगलातील लोक शूर व निष्ठावान असले, तरी त्यांचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा मनुष्यच करतो. सातपुड्यातील आदिवासी वाचकासमोर त्याच्याच जीवनाशी साम्य असलेल्या समाजाचे असे परावलंबी चित्र येते. जुन्या पौराणिक चित्रकथांतही नायक गौरवर्णी व असुर काळे रंगविण्याचा प्रघात आढळतो. अमर चित्र कथेने २०२२ मध्ये आदिवासी स्वातंत्र्यवीरांवरील पुस्तिका संस्कृती मंत्रालयाच्या सहकार्याने प्रसिद्ध केली. तथापि जुने अंक मुलांच्या हाती देताना ह्या मर्यादांविषयी त्यांच्याशी बोलणे इष्ट ठरते. असे बोलणे घरच्या सामूहिक वाचनात सहज घडते, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

जतन : चित्रकथा हाताळून फाटत किंवा रद्दीत जात. वृत्तपत्री कागदातील लिग्निन ह्या घटकावर प्रकाश व हवा यांची क्रिया होऊन तो पिवळा व ठिसूळ बनतो. पावसाळी दमटपणात बांधणीच्या तारा गंजून पानांवर डाग पडतात. अंक आडवे ठेवणे, उन्हापासून दूर कोरड्या जागी राखणे, गंजलेल्या तारा काढून सुती दोऱ्याने पाने शिवणे व फाटलेल्या भागास चिकटपट्टी न लावणे, हे उपाय घरीही करता येतात. चिकटपट्टीतील डिंक कालांतराने कागदात मुरतो व तो डाग निघत नाही. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकीय रूपात वाचकांस खुले केले आहेत. मराठी चित्रकथांचे बरेचसे अंक मात्र आज घरोघरच्या ट्रंकांत व खाजगी संग्रहांतच आढळतात. वाचकांच्या एका पिढीला मराठी वाचनाची गोडी लावणाऱ्या ह्या साहित्याचे जतन त्यामुळे मुख्यतः ती जपणाऱ्या कुटुंबांवरच अवलंबून आहे.