वाळवंटातील घरे आणि हवेच्या नलिका

अमेरिकेतील फीनिक्स शहर सोनोरा वाळवंटात वसले आहे. उन्हाळ्यात तेथे धुळीची वादळे उठतात. ५ जुलै २०११ रोजी तर धुळीची प्रचंड भिंतच शहरावर चालून आली. तेथील अनेक वातानुकूलित घरांत थंड हवेच्या नलिका छताखालच्या तप्त पोकळीतून जातात. यंत्राकडे हवा परत नेणाऱ्या नलिकेचा सांधा सैल झाला, की पोकळीतील धूळ गाळणीला चुकवून आत ओढली जाते. मग नलिका कितीही वेळा झाडल्या, तरी त्या पुन्हा मळणारच. नलिका स्वच्छ केल्याने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही नमूद केले आहे. म्हणून आधी सांधे बुजवावेत व गाळणी वेळेवर बदलावी. नलिकांत बुरशी किंवा उंदीर आढळले, अथवा त्या धुळीने चोंदल्या, तरच साफसफाई हाती घ्यावी.