रिप्लाय ऑल करण्याआधी

दिवाळी अंकाच्या कामाला ऑगस्टमध्ये वेग येतो. संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक, मांडणी करणारे, जाहिराती पाहणारे आणि छापखाना असे सगळे तेव्हा एकाच मेलवर येतात. या कामात मला लागलेली पहिली सवय म्हणजे मजकुराआधी नावं वाचणं. 'टू'मध्ये ज्यांचं नाव, त्यांनी काहीतरी करायचं आहे. 'सीसी'तल्यांना ते माहीत असावं, एवढंच.

मग उत्तर कोणाच्या कामाचं आहे ते पाहते. "कथेचं चित्र कधी मिळेल?" हा प्रश्न चित्रकाराला असतो, पण त्याचं उत्तर सगळ्यांना जायला हवं, कारण मांडणी करणाऱ्याची पानं त्यावाचून अडलेली असतात. "मिळालं, धन्यवाद" पाठवणाऱ्याला एकट्याला पुरतं. मानधनाचं बोलणं त्या एका लेखकाशीच करायचं. लेखात मोठी दुरुस्ती हवी असेल तर फोन करायचा. कोणाचंही लिखाण दहा जणांसमोर तपासू नये.

सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची जी मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५मध्ये लिहिली, तिच्यातही हे आहे: बोलणं दोघांपुरतं उरलं की बाकीच्यांना सीसीतून मोकळं करा. मूळ मेल सगळा परत न पाठवता संदर्भापुरता ठेवा, असंही ती सांगते. म्हणून मी ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच वर घेते आणि खाली लिहिते, "पान ४२, दुसरा स्तंभ, शेवटचा परिच्छेद: दुरुस्ती मान्य." नुसतं "हो, चालेल" लिहिलं तर तीन प्रश्नांपैकी कशाला होकार दिला, ते कळत नाही.

नव्या विषयाला नवा मेल. प्रत्येक मेलला न दिसणारा ओळखक्रमांक असतो आणि रिप्लायसोबत मूळ मेलचा क्रमांक जातो. त्यामुळे मुखपृष्ठाच्या मेलवर रिप्लाय करून जाहिरातींचं लिहिलं, तर ते बहुधा मुखपृष्ठाच्याच चर्चेखाली जाऊन बसतं आणि ज्याला हवं त्याला सापडत नाही.

कोणाला मध्येच सामील करून घेतलं तर पहिल्याच ओळीत तसं सांगते: "मुद्रितशोधक ताईंना सीसीत घेत आहे." शिवाय पीडीएफ पुन्हा जोडते. रिप्लाय केला की आधीची अटॅचमेंट सहसा सोबत जात नाही; मेल फॉरवर्ड केला तर जाते. बीसीसीत असेन तेव्हा रिप्लाय ऑल करत नाही, कारण मेल मलाही आला होता हे त्यातून सगळ्यांना कळतं.

नोव्हेंबर २०१६मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांवर गेला. "मला यातून वगळा" असं कित्येकांनी सर्वांनाच कळवलं आणि यंत्रणा मंदावली. आमच्यासारख्या लहान गटात यंत्रणा बंद पडत नाही. माणसं वाचणं थांबवतात. दहा "छान!"मध्ये पान बदलल्याची सूचना बुडते आणि जुनंच पान छापायला जातं.

म्हणून चर्चा संपली की एकानेच शेवटचा मेल लिहावा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. छापखान्यातल्या माणसाने आधीचं काहीही वाचलेलं नसलं, तरी तेवढ्या एका मेलवर त्याला काम सुरू करता आलं पाहिजे.