पोटाची तार कानात!

ऑफिसात मायग्रेनला मान आहे. स्पाँडिलायटिसचं तर कौतुकच, गळ्यात पट्टा घालून आलेल्याला खुर्चीसुद्धा बदलून मिळते. पण 'सर, पोटाचं जरा...' असं म्हणून बघा! समोरचा हसू दाबत विचारतो, 'काल काय हाणलंस?' मी गेली सहा वर्षं आयबीएसवाली आहे. प्रेझेंटेशनच्या दिवशी चहा टाळणारी, स्टेशनवर उतरल्यावर आधी टॉयलेट कुठे ते शोधणारी. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपीही नॉर्मल. 'तुला काहीही झालेलं नाही' हे ऐकून आनंदाऐवजी रडू का येतं, ते आमच्या जमातीलाच कळेल.

त्यामुळे कानामागे चिकटवायच्या एका छोट्या यंत्राबद्दल वाचलं, तेव्हा मी लंच अवर विसरून वाचत बसले. गोळी नाही, चूर्ण नाही. नुसता विजेचा हलकासा प्रवाह, तोही कानाला. पोट दुखतंय आणि इलाज कानाला? आजीच्या बटव्यातला वाटावा असा प्रकार!

पण यामागे शरीराचं वायरिंग आहे. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतड्याला जखम झालेली नसते, बिनसलेलं असतं ते आतडं आणि मेंदू यांच्यातलं बोलणं. साधा गॅस सरकला तरी वर 'आग लागली!' असा निरोप जातो. निरोप नेणाऱ्या तारांपैकी एक मोठी तार म्हणजे व्हेगस नर्व्ह. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटक्या. नाव अगदी शोभतं. मेंदूच्या बुडातून निघून मान, हृदय, फुप्फुसं करत ही बाई थेट पोटात उतरते. गंमत म्हणजे तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू खालून वर बातम्या नेतात. म्हणजे पोटच जास्त बोलतं, मेंदू ऐकतो. तिची एक बारीक शाखा कानापर्यंत येते. कान साफ करताना काहींना अचानक ठसका लागतो ना? ती हिचीच करामत.

याच शाखेवर आणि कानातल्या तिच्या शेजारणींवर हे यंत्र काम करतं. नाव आयबी-स्टिम. अमेरिकेच्या एफडीएने जून २०१९ मध्ये त्याला परवानगी दिली, ती ११ ते १८ वर्षांच्या आयबीएस असलेल्या मुलामुलींच्या पोटदुखीसाठी. बॅटरीवर चालणारा चिमुकला डबा कानामागे चिकटवतात, त्याच्या तारांची सुईसारखी टोकं कानाच्या त्वचेत जातात. सलग पाच दिवस तो तिथेच. मग काढून टाकायचा आणि पुढच्या आठवड्यात नवा. २०१९ च्या परवानगीत असे जास्तीत जास्त तीन आठवडे होते.

आता आकडे, कारण जाहिरात वाचून भुलणाऱ्यातली मी नाही. एफडीएसमोर ५० रुग्णांची माहिती होती. २७ जणांना खरं यंत्र, २३ जणांना दिखाऊ. तीन आठवड्यांनी नेहमीचं दुखणं निदान ३० टक्क्यांनी कमी झालं, असे खऱ्या गटात ५२ टक्के निघाले, दिखाऊ गटात ३० टक्के. सगळ्यात जोराची कळ तेवढीच कमी झाली, असे ५९ विरुद्ध २६ टक्के. फरक चांगला आहे, पण २७ माणसं म्हणजे किती? आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त बसतात. शिवाय ती सगळी शाळा-कॉलेजातली पोरं होती. मी एकोणतीसची.

मला जास्त विचार करायला लावलं त्या दिखाऊ गटातल्या ३० टक्क्यांनी. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ८० आयबीएस रुग्णांवर एक अफलातून प्रयोग केला होता. काहींना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं, यात औषध नाही! तरीही तीन आठवड्यांनी त्यातल्या ५९ टक्के लोकांनी बरं वाटतंय असं सांगितलं. गोळी न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. कुणी लगेच म्हणेल, 'बघ, सगळं मनाचंच!' चूक. कळ खरीच असते. फक्त तिचा व्हॉल्यूम मेंदूही थोडाफार कमी करू शकतो, एवढाच याचा अर्थ.

औषध नाही म्हणजे त्रास नाही, असंही नका समजू. त्या अभ्यासात सहा जणांचा कान थोडा दुखला, तिघांना चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी आली. पेसमेकर, हिमोफिलिया किंवा सोरायसिस असेल तर हे यंत्र चालत नाही. नेटवर मिळणाऱ्या कानाच्या क्लिपा तर वेगळीच वस्तू. त्यांना सुया नसतात, त्यामुळे वरचे आकडे त्यांना चिकटवू नका. मी तरी क्रेडिट कार्ड पर्समध्येच ठेवलं.

माझ्या डॉक्टरांनी तूर्तास वेगळीच वाट दाखवली आहे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेला लो-फॉडमॅप आहार. कांदा, लसूण, गहू, राजमा काही आठवडे बंद, मग एकेक परत आणून बघायचं. (कांद्याविना मिसळ... असो.) जोडीला संथ श्वास, सोडताना जास्त वेळ. श्वास सोडताना व्हेगसच हृदयाचा वेग उतरवते.

शौचात रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा हिमोग्लोबिन कमी झालेलं असेल, तर ना यंत्र ना आहार, आधी तपासणी. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी माझ्या डायरीत लिहून ठेवलेत: माझ्या वयाच्या लोकांवर अभ्यास झालाय का, किती जणांवर, आणि तीन आठवडे संपल्यावर आराम किती महिने टिकतो?