काटा नव्वदवर, तरी जीव टांगणीला

मुकुंदवाडीच्या एका वाचकाने विचारलंय: दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, २३० अश्वशक्तीची सेकंडहँड गाडी घेतली आहे. घेतल्यापासून रोज सकाळी बॉनेट उघडून कूलंट बघतो. तापमानाचा काटा नव्वदवरून कधीच हलत नाही, तरी सिग्नलला थांबलो की नजर तिथेच. पोर्शेसारख्या गाडीचेही कूलंटचे पाईप निखळतात म्हणे. मग आमच्या गाडीचं काय?

ही धास्ती त्यांच्या एकट्याची नसणार. एकेकाळी औरंगाबाद म्हणवणाऱ्या या शहराला गाड्यांची हौस जुनी. वाळूजला बजाज, शेंद्र्याला २००१पासून स्कोडा, मागून तिथेच ऑडी. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी मिळून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, तब्बल ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली होती. त्या पिढीतल्या गाड्यांना आता पंधरा वर्षं होत आली. अशा वयाची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा रंग चकाकत असतो, पण बॉनेटखालचं रबर आणि प्लास्टिक म्हातारं झालेलं असतं.

आधी काट्याविषयी. तो खोटारडा आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा आकडा थेट काट्यापर्यंत पोचतच नाही, मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो. कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठेही असलं तरी तो काटा ९०वर धरून ठेवतो. जुन्या गाड्यांत घाट चढताना काटा थोडा वर गेला की लोक घाबरून वर्कशॉप गाठायचे, म्हणून कंपन्यांनीच ही सोय केली. त्यामुळे काटा हलला की समजायचं, पाणी खरंच डोक्यावरून गेलंय. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. कूलंट गळून गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत लटकतो, आणि इंजिन करपत असताना काटा उलट खाली उतरू शकतो. खरा आकडा हवा असेल तर गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टात लावायचं स्वस्तातलं ओबीडी यंत्र घ्या. मोबाईलवर तापमान अंशाअंशाने दिसतं. अर्थात काळजी करायचा स्वभाव असेल तर ते न घेतलेलंच बरं!

आता थोडा हिशोब. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटच्या गळ्यात पडते. २३० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १७० किलोवॅट. इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर कूलंटला शंभर किलोवॅटच्या आसपास उष्णता वाहून न्यावी लागते. घरातला गीझर दोन किलोवॅटचा धरला तर हे पन्नास गीझर झाले, आणि तेही एका बॉनेटखाली, सात-आठ लिटर पाण्यावर एकदम चालू. पाणी न उकळता हे निभतं कारण पंप ते मिनिटाला अनेकदा फिरवतो आणि रेडिएटर त्याची उष्णता तितक्याच वेगाने हवेत टाकतो.

पण पन्नास गीझर लागतात किती वेळ? जालना रोडवर कोणी २३० अश्वशक्ती वापरून दाखवाव्यात. दोन सेकंदांत पुढच्या ट्रकचा टेललाइट समोर येतो. समृद्धीवर १२०च्या मर्यादेत एका गतीने जाताना इंजिनाला चाळीस-पन्नास अश्वशक्ती पुष्कळ झाल्या, आणि समोरून वारा फुकट मिळतो. स्पोर्ट्स कारची कूलिंग यंत्रणा ज्या उष्णतेसाठी बांधलेली असते ती उष्णता आपल्या रस्त्यांवर क्वचितच तयार होते. म्हणजे गाडीत ताकद जास्त म्हणून गरम होण्याची भीती जास्त, हे गणित उलटं आहे.

खरी परीक्षा असते ती मे महिन्यातल्या दुपारी, थांबलेल्या गाडीत. रेडिएटरचं काम तापमानातल्या फरकावर चालतं. हवा २० अंश आणि कूलंट ९० असेल तर फरक ७०चा, हवा ४२ असेल तर ४८चा. त्याच जाळीची ताकद एक तृतीयांशाने घटली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात, त्याची गरम हवा आधी. गाडी उभी असल्याने वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याची मोटर किंवा रिले गेला तर धावत्या गाडीत काही कळत नाही, मुकुंदवाडीच्या सिग्नलला कळतं. आणि टर्बो गाडी बंद केल्यावरही पंखा चालू राहतो, बारीक घूं आवाज येतो, तो बिघाड नव्हे. तापलेल्या टर्बोतली उष्णता काढायला छोटा विजेचा पंप काही वेळ कूलंट फिरवत असतो. फिरू द्या.

पोर्शेची गोष्ट खरी आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षं निघालेल्या ९११ टर्बो आणि जीटी३ गाड्यांत हान्स मेझगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं इंजिन होतं. १९९८ला ले मान्स जिंकलेल्या गाडीच्या घराण्यातलं. त्या इंजिनाचे काही कूलंट पाईप अॅल्युमिनियमच्या भागांत चक्क गोंदाने चिकटवलेले होते. गोंद साधा नव्हता, पण वर्षानुवर्षं तापणं-निवणं झालं की तोही दमतो. मग पाईप एकदम सुटतो आणि कूलंट मागच्या टायरखाली. हौशी मालक ते सांधे वेल्डिंग करून घेतात किंवा त्यांत पिन मारतात. एवढं दैवी इंजिन, आणि मार खाल्ला तो गोंदापाशी. आपल्या वाचकाच्या गाडीत ही भानगड नाही, पण धडा तोच. कूलिंग यंत्रणेत इंजिन दगा देत नाही; दगा देतात ते होज, क्लिप, प्लास्टिकचं थर्मोस्टॅटचं घर, टाकीचं झाकण, पंपाचं सील. दोन-तीनशेपासून काही हजारांपर्यंतच्या वस्तू.

इथे मला माझ्या आवडत्या माणसाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. विल्हेल्म मायबाख. दहाव्या वर्षी पोरका झाला, जर्मनीतल्या रॉइटलिंगन गावच्या एका धर्मादाय संस्थेत वाढला, आणि तिथल्याच कारखान्यात त्याला गोटलिब डाइमलर भेटला. पुढे दोघांनी मिळून इंजिनं केली. पण त्या काळात मोटारीचं खरं दुखणं पाणी होतं. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर. त्या इंजिनात पाणी उकळून वाफ होऊनच थंडावा मिळायचा. बाई वाटेत दिसेल त्या झऱ्यावर, खानावळीवर थांबून पाणी भरत गेली. इंधन तिने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं ही गोष्ट सगळे सांगतात, पण इंधनासाठी ती जितकी थांबली त्याहून कितीतरी जास्त वेळा पाण्यासाठी थांबली असणार.

इंजिन मोठं करायचं तर पाणी जास्त हवं, पाणी जास्त तर गाडी जड. कोंडी अशी होती. त्यात एमिल येलिनेक नावाचा फ्रान्समधल्या नीसचा धनिक डाइमलर कंपनीच्या मागे लागला: गाडी बुटकी करा, लांब करा, ताकदवान करा. एप्रिल १९००मध्ये त्याने एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली, साडेपाच लाख मार्कांची. (एकगठ्ठा मर्सिडीज घेण्याचा मान औरंगाबादकरांचा नाही, तो या गृहस्थांचा.) अट एक: गाडीला त्याच्या मुलीचं, मर्सिडीजचं, नाव द्यायचं. डाइमलर महिन्याभरापूर्वीच वारला होता, काम मायबाखवर आलं.

मायबाखने पाण्याचं प्रमाण वाढवलं नाही, पृष्ठभाग वाढवला. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर तोंडाच्या ८०७० छोट्या चौकोनी नळ्या एकमेकींना डाग देऊन चौकटीत बसवल्या. नळ्यांतून वारा, नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी. पाण्याचा थर इतका पातळ की प्रत्येक थेंबाला वारा लागलेल्या धातूची भिंत जवळ. मागे एक छोटा पंखा, गाडी हळू असताना वारा ओढायला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला पोळं रेडिएटर म्हणतात. १८ लिटर पाण्याचं काम ९ लिटरवर आलं. त्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजने मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यती गाजवल्या आणि मोटारीला आजचं रूप मिळालं. पोळं तसंच उरलं नाही, आता चपट्या नळ्या आणि पातळ पत्र्याच्या घड्या असतात, पण पाण्याचा पातळ थर, वाऱ्याला भरपूर पृष्ठभाग आणि मागे पंखा हे त्रिकूट तेच आहे. आज मायबाख हे नाव मागच्या सीटवर पाय पसरून बसायच्या गाडीला लावतात. माझ्या मते ते ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर कोरायला हवं होतं.

आता कूलंटच्या बाटल्यांकडे. 'रेसिंग' लिहिलेली, इंजिन दहा अंशांनी थंड करते असं सांगणारी बाटली बघितली की माझा हात खिशावर जातो. उष्णता वाहण्यात साध्या पाण्याला तोड नाही. त्यात निम्मं ग्लायकोल मिसळलं की ही क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी कमीच होते. मोटरसायकलच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तर ग्लायकोल चालतच नाही, पाणी किंवा पाणी आणि अल्कोहोल एवढंच; कारण ट्रॅकवर सांडलेलं ग्लायकोल निसरडं असतं. थंड देशांत ते गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपण पैसे मोजतो ते उकळबिंदू थोडा वर नेण्यासाठी आणि मुख्य म्हणजे त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी. उकळबिंदूचं मोठं काम तर झाकण करतं. दीड बारच्या आसपास दाब धरणाऱ्या झाकणाखाली नुसतं पाणीही १२५ अंशांपुढे उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा सील ढिलं पडलं की हा सगळा फायदा गेला. रंगावर मात्र जाऊ नका. गुलाबी, हिरवा, निळा हा नुसता रंग असतो. वेगवेगळ्या जातीची रसायनं एकत्र झाली तर टाकीत चिखलासारखा गाळ बसतो.

आणि पाणी कुठलं घालता? हा प्रश्न मुकुंदवाडीत तरी हलक्याने घेण्यासारखा नाही. २०१९च्या दुष्काळात इथली मुलं डबे-हंडे घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला पाणी आणायला जात होती. नळाला पाणी येण्याची वाट बघणारं शहर साहजिकच बोअरवर जगतं, आणि दख्खनच्या काळ्या खडकातलं हे पाणी जड असतं. बादलीच्या कडेला बसतो तोच पांढरा थर सिलिंडर हेडच्या अरुंद वाटांत बसतो. या क्षारांतून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरपट संथ जाते. एक मिलिमीटर क्षार म्हणजे उष्णतेच्या वाटेत दहा सेंटिमीटर जाड अॅल्युमिनियमची भिंत घातल्यासारखं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधली जागा सगळ्यात तापते. तिथे पाण्याला बारीक बुडबुडे येणं चांगलंच, ते उष्णता घेऊन सुटतात. पण धातू फार तापला की बुडबुडे जुळून वाफेची चादर होते, पाणी धातूला टेकतच नाही, आणि हेड वाकतं. मग हेड गॅस्केट, मग खर्च.

गॅरेजमध्ये आणखी एक सल्ला मिळेल: थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही. ऐकू नका. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर तापवतो आणि मग त्याच तापमानाला धरून ठेवतो. तो काढला तर इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये इंधन आणि ओलावा साठतो, आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

तर वाचकमित्रा, रोज बॉनेट उघडू नका. गाडी घेतलीच आहे तर एकदा प्रेशर टेस्ट करून घ्या, जुने होज आणि झाकण बदला, कंपनीने सांगितलेल्या जातीचं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. पुढे महिन्यातून एकदा, गार इंजिनावर, टाकीवरच्या खुणांमध्ये पातळी बघितली तरी पुरे. ती सारखी कमी होत असेल तर वरून भरत बसू नका, गळती शोधा. रस्त्यात गाडी तापलीच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. डॅशबोर्डमागे दुसरा छोटा रेडिएटरच आहे तो. घाम फुटेल, पण सुरक्षित जागी गाडी कडेला घेईपर्यंत हेड वाचेल. काटा लाल पट्टीत गेला असेल किंवा दिवा लागला असेल तर तेवढंही चालवू नका, इंजिन बंद करा. टाकीचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका. आणि काढलेलं जुनं कूलंट नालीत ओतू नका: ग्लायकोल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं, गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मरतात. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या ताब्यात द्या.